डावीकडचं विमान

वंदनाच्या आईला आम्ही दोघीही माय म्हणायचो. माय फोनला हात लावत नाही. तिचं म्हणणं, ज्याला बोलायचंय त्यानं घरी यावं, चहा प्यावा आणि बोलावं. त्यामुळे त्या दिवशी मधल्या सुट्टीत, हैदराबादेत जामबागच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत माझा फोन वाजला आणि त्यावर वंदनाचं नाव दिसलं, तेव्हा मी नेहमीच्या सुरात म्हटलं, "बोला महाराणी." पलीकडून मायचा आवाज आला. "मंजे, ये." एवढंच. मी काय झालं म्हणून विचारलंही नाही. डबा उघडा टाकून खाली आले, रिक्षा केली, आणि वंदनाच्या घरापर्यंत, दिलसुखनगरपर्यंतच्या त्या सगळ्या गर्दीतून, क्लासच्या पाट्या आणि पोरांचे लोंढे बघत जाताना मला रडू आलं नाही, राग आला. एवढी उस्तवार केली, एवढी भांडणं केली, पुढच्या रविवारचं ठरवून ठेवलं, आणि ही बया मला न सांगता गेली… त्याला आता दीडेक महिना झाला. राग अजून गेलेला नाही. पण राग धरायलाही समोर माणूस लागतं, हे आता कळायला लागलंय.

आमची ओळख इंटरच्या, म्हणजे अकरावीच्या वर्गातली. मी काचीगुड्याची, वकिलांच्या घरातली. जुन्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठवाडा पलीकडे गेला, तेव्हा आमचे अर्धे नातेवाईक औरंगाबादेला गेले. आजोबांनी मात्र आपली अशिलं इथं, मग आपण कुठं जायचं, म्हणून मुक्काम हलवला नाही. वंदनाचे वडील मूळचे नांदेडकडचे, रेल्वेत गार्ड. नोकरीपायी त्यांची बदली गुंतकलला झाली, तेव्हा ते आमच्याच राज्यात होतं, तिथं वंदना लहानाची मोठी झाली, चौथीपासून दहावीपर्यंत तिथल्याच शाळेत शिकली, आणि मग काचीगुड्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आली. ही सात वर्षं लक्षात ठेवा, ती पुढे आमच्या मुळावर आली. तिची मराठी नांदेडची, त्यात तेलुगू कालवलेली, आणि हैदराबादेत आल्यावर दोन महिन्यांत तिनं इथल्या उर्दूतलं 'हौ' आणि 'नक्को'सुद्धा उचललं. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी आखीवरेखीव बोलायची, ती धबधब्यासारखी. माझं बोलणं ऐकून ती म्हणायची, "तू बोलायलीस का पाठ म्हणायलीस?"

कोठीच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या पुस्तकांच्या दुकानांना लागून, मुनीरभाई नावाच्या गृहस्थांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तेव्हा तशी दुकानं शहरात नवी होती. आत अंधार, पंख्याची घरघर, आणि भिंतीला लावून उभ्या केलेल्या मोठमोठ्या पेट्या, प्रत्येकीत एक चमकता पडदा. मुलींनी तिथं जायचं असतं की नाही, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं, कारण कुणी गेलेलीच नव्हती. वंदना गेली. मी दारात उभी राहून "चल ना, कुणी बघेल" करत राहिले आणि ती थेट विमानांच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली. मुनीरभाई गल्ल्यावरून उठून आले, आमच्याकडे बघितलं, आणि आजूबाजूच्या पोरांना म्हणाले, "हटो मियां, जगह देओ. बहनां खेलतीं." त्या दिवसापासून त्या पेटीजवळ आम्ही गेलो की पोरं आपणहून बाजूला व्हायची.

खेळ साधा होता. वरून बघितल्यासारखा समुद्र, मधेमधे हिरवी बेटं, आणि आपलं विमान पुढं पुढं जातंय. समोरून शत्रूची विमानं येणार, ती पाडायची, त्यांच्या गोळ्या चुकवायच्या. एक बटण गोळीचं, एक कोलांटी मारायचं. दोघांनी मिळून खेळायची सोय होती : डावीकडच्या दांड्यावर एक विमान, उजवीकडच्यावर दुसरं. वंदना डावीकडे, मी उजवीकडे. हे कधी ठरलं ते आठवत नाही, पण मग आयुष्यभर तसंच राहिलं. रस्त्यावरून चालताना, बाकावर बसताना, सिनेमाला गेल्यावरसुद्धा ती डावीकडे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी समुद्रात आपलं जहाज दिसायचं, आणि तिथं विमानं आपोआप उतरायची. तेव्हा हात काढून घ्यायचे, बोटं मोडायची आणि एकमेकींकडे बघायचं. लाल विमानं कधी येणार, वादळ कधी लागणार, मोठं काळं विमान कुठल्या बाजूनं निघणार, सगळं दर वेळी तेच. पोरं नशीब म्हणायची, आम्ही पाठांतर केलं होतं. विमान मात्र मी माझ्या स्वभावाप्रमाणे उडवायची, वंदना तिच्या.

आणि त्या खेळात पेट्रोल होतं. प्रत्येक विमानाला खाली एक पट्टी असायची, ती हळूहळू रिकामी होत जायची. लाल विमानांची अख्खी रांग पाडली तर एक डबा मिळायचा, तेवढ्यानं थोडी भरायची. पण दोन विमानं शेजारी येऊन पंखाला पंख लागला, की ज्याच्याकडे जास्त असेल त्याचं अर्धं दुसऱ्याला जायचं. मी जपून उडवणारी. गरज नसताना गोळी मारायची नाही, उगाच फिरायचं नाही, माझी पट्टी नेहमी भरलेली. वंदना पडदाभर नाचायची, एकेका विमानाच्या मागे लागायची, कोलांट्यावर कोलांट्या मारायची, आणि वादळ लागायच्या आधी तिची पट्टी संपत आलेली असायची. मग सुरू. "पेट्रोल दे. मंजे, पेट्रोल दे ना. लवकर गं, मरायले मी." लाजलज्जा नाही, आवाज अख्ख्या दुकानात. मी कुरकुरत माझं विमान डावीकडे सरकवायची, आमचे हात एकमेकींना घासायचे, आणि मी म्हणायची, "घे बाई, घे." मुनीरभाई लांबूनच हसायचे. "ये बच्ची उडाती कम, मंगती ज्यादा."

मुनीरभाईंना काय माहीत. त्या पेटीसमोरून बाजूला झाली की वंदना कुणाकडे काही म्हणजे काही मागत नसे. वर्गात पेन संपलं तर पेन्सिलीनं लिहायची. आजारी पडून आठवडाभर आली नाही तरी कुणाची वही मागितली नाही, मीच नेऊन दिली तर "ठेव, बघते" म्हणाली. मला वाटायचं, ताठ आहे. त्याचं मूळ मला कळलं ते बऱ्याच वर्षांनी, तेही बोलता बोलता. इंटरच्या पहिल्याच वर्षी, एप्रिलच्या उन्हात, आम्ही कॉलेजातून आमच्या घरी चालत आलो होतो. मी आत कपडे बदलायला गेले. ती ओसरीवर बसली. आई बाहेर आली, नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. ती तासभर बसली आणि तशीच घरी गेली. माझ्याच गडबडीत मी पाण्याचं विसरलेच होते आणि तिनं मागितलं नाही. हे ती मला सांगत होती तेव्हा आमची चाळिशी आली होती, माझी आई जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हटलं, अगं, मागायचं ना, आईनं दिलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "दिलं असतं गं. पण कसं दिलं असतं, ते मला बघायचं नव्हतं."

आई वाईट नव्हती. पण वंदनाचं म्हणणं चुकीचं होतं, असंही मला कधी म्हणता आलं नाही. मायनं मला एकदा सांगितलं, की वंदनाच्या वडलांनी तिला लहानपणीच बजावलं होतं : मागायचं नाही, मिळवायचं. तिनं ते शब्द गाठीला बांधले. स्पर्धा परीक्षा दिली, राज्य सरकारच्या एका खात्यात लागली, वरची वरची जागा मिळवली, वडील गेल्यावर दिलसुखनगरला, खाली क्लास आणि वर घरं अशा इमारतीत, स्वतःच्या नावाचं घर घेतलं. लग्न केलं नाही. "विचारणारे आले, पण मला हवा तसा मागून कसा घेणार," असं म्हणून हसायची. मी लग्न केलं, मुलगा झाला, शाळेत शिकवायला लागले, आणि माझ्या घरातलं काहीही बिनसलं की मी धावत तिच्याकडे जायची. तिनं मला किती वेळा सावरलं, त्याची मोजदाद नाही. तिच्या घरी काही बिनसलंय हे मात्र मला मायच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं.

मुनीरभाईंचं दुकान पुढं बंद झालं. घरोघर कॉम्प्युटर आले, पोरं तिकडे गेली. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी साडी नेसलेल्या, पर्स सांभाळणाऱ्या बायका तिथं गेलो. पेट्या भंगारात निघाल्या होत्या, विमानांच्या पेटीचा पडदा आधीच कुणी तरी काढून नेला होता. पेटीच्या पुढची फळी तेवढी शिल्लक होती : दोन दांडे, चार बटणं, खाली लोंबणाऱ्या वायरी. वंदना तिच्याकडे बघत नुसती उभी राहिली. मुनीरभाईंनीच ती उचलून तिच्या हातात दिली. "ले जाओ अम्मा. इसपे तुमारा हक है." रिक्षात ती फळी मांडीवर घेऊन बसली होती, लहान मूल घेऊन बसावं तशी. घरी मायनं विचारलं, हे काय भंगार आणलं, तर म्हणाली, "विमान आहे." मग ती फळी माळ्यावर गेली आणि आम्ही तिला विसरलो.

मग राज्य फुटलं. वेगळ्या राज्याची मागणी आमच्या लहानपणापासून ऐकत होतो, मोर्चे, बंद, रस्त्यावर शिजवलेली जेवणं, सगळं बघितलं होतं. वंदनाच्या ऑफिसात दोन गट एकाच मजल्यावर समोरासमोर घोषणा द्यायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकांचं लोणचं खायचे. ही तिसरीच, दोन्हीकडच्यांना कागदपत्रं शोधून द्यायची. वाटणी झाली तशी माणसांचीही वाटणी झाली. कोण कुठल्या राज्याचं, हे ठरवायला नियम असा, की शाळेची सलग वर्षं कुठं काढली ते बघायचं. वंदनाची सात वर्षं गुंतकलची. जन्म नांदेडचा, भाषा मराठी, घर दिलसुखनगरचं, नोकरी सगळी हैदराबादेतली, आणि यादीत ती पलीकडच्या राज्यात. मला आधी हसूच आलं. मी म्हटलं, माझ्या आजोबांनी राज्याचे तुकडे झाले तेव्हा जागा सोडली नाही, आणि तुला गार्डाच्या डब्यातून फिरवून आणल्याची शिक्षा. ती पण हसली. म्हणाली, "बरंय, निदान कुठल्या तरी राज्याला मी आपली वाटले." ऑफिसं लगेच हलली नाहीत, त्यामुळे दोनेक वर्षं काही जाणवलं नाही. मग एके दिवशी तिचं सगळं खातं, कपाटं आणि फायलींसकट, कृष्णेच्या काठी, त्या राज्याच्या नव्या राजधानीत गेलं.

तेव्हापासून तिचा आठवडा दोन तुकड्यांत राहू लागला. सोमवारी पहाटेची गाडी, तिथं एका खोलीत तिघी बायका, शुक्रवारी परत. माय एकटी. मायला तेव्हा चालणं जड होऊ लागलं होतं. मी शाळेतून जाताना एक दिवसाआड तिच्याकडे डोकावायची. माय खिडकीशी बसलेली असायची. खाली क्लासच्या पोरांचा गोंधळ चाललेला, आणि ही म्हणायची, "आज काय वार हाय गं?" शुक्रवार नसेल तर मग गप्प. वंदनानं एकदाही म्हटलं नाही, की मंजे, मायकडे बघशील का. मी बघते हे तिला माहीत होतं, त्यासाठी ती शुक्रवारी माझ्यासाठी तिकडचे आंबे, पापड, काहीबाही घेऊन यायची. पण म्हणाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिला छातीत डाव्या बाजूला गाठ लागली. कुणाला न सांगता तिनं तपासणी केली, मला सांगितलं ते सगळं पक्कं झाल्यावर. हैदराबादेतच ऑपरेशन झालं. रजा मिळाली, औषधोपचार सुरू झाले, केस गेले, डोक्याला ती मायचं जुनं सुती लुगडं फाडून बांधायची. आणि रजा संपली की परत जाणार म्हणायची. मी तिच्या खात्यातल्या एका जुन्या बाईंकडून माहिती काढली. गंभीर आजार असेल तर अर्ज करून इकडच्या राज्यात येता येत होतं. कितीतरी जण तसे आले होते, काही तर माझ्या मते नुसत्या गुडघेदुखीवर. मी हे वंदनाला सांगितलं आणि आमचं जन्मात झालं नाही असं भांडण झालं. ती म्हणाली, "आजार दाखवून जागा मागू? लोक म्हणतील, बघा, हिनंही मागितली." मी म्हटलं, कोण लोक? तुझी माय इथं खिडकीशी वार मोजत बसते, ते लोक नाहीत का? ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी दार आपटून निघून आले, मायनं हाक मारली तरी थांबले नाही.

मग पुढच्या रविवारी तोंड वर करून परत गेलेच. जाणार कुठं? डॉक्टरांनी तिला डाव्या हाताचा व्यायाम सांगितला होता, हात वर करा, फिरवा, भिंतीवर बोटं चालवा. ती टाळायची. हात आखडत चालला होता. मला एकदम माळ्यावरची फळी आठवली. खुर्चीवर चढून काढली, धूळ पुसली, तिच्या पलंगावर तिच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी उजवीकडे बसले. "चल. हा व्यायाम." ती म्हणाली, येडी झालीस का, पडदा कुठंय? मी म्हटलं, तुला पडदा लागतो? तिनं माझ्याकडे बघितलं. मग डावा हात सावकाश उचलून दांड्यावर ठेवला, दुखलं तसं ओठ दाबले, आणि म्हणाली, "पहिलं बेट. आता डावीकडून पाच लाल."

आम्ही खेळलो. दोन पन्नाशीच्या बायका, मांडीवर एक मेलेली फळी, समोर भिंतीवर कॅलेंडर. कुठलं विमान कधी येतं ते दोघींना पाठ. "तो मी पाडला." "तुझ्या बापाचा होता, माझी गोळी आधी गेली." मुनीरभाईंच्या दुकानात कधी झाली नाहीत एवढी भांडणं त्या पलंगावर झाली, कारण खरं-खोटं करायला पडदाच नव्हता. पंखाला पंख लागला हे कळायचं कसं, हा प्रश्न आला तेव्हा वंदनानंच नियम काढला : जिला द्यायचंय तिनं आपला हात दुसरीच्या हाताला टेकवायचा आणि 'घे' म्हणायचं. माय कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली असायची. "पोरी म्हाताऱ्या झाल्या न् खेळायल्यात," ती तांदळालाच सांगायची. पण तिची नजर आमच्यावर असायची. वंदनाचा हात दर रविवारी थोडा वर जायला लागला.

एका रविवारी आम्ही वादळापर्यंत आलो. वादळ लागायच्या आधी नेहमी तिची पट्टी संपायची, आणि ती ओरडायची. त्या दिवशी ती ओरडली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "मंजे, पेट्रोल दे." मी सवयीनं हात सरकवला आणि तिच्या हाताला टेकवला. "घे." तिनं हात काढला नाही. दांडाही हलवला नाही. माझ्याकडे न बघता समोरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "मला घरी यायचंय गं. मला इथंच राहायचंय, मायपाशी. तू काय ते कर." इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला, तिनं सही केली. सही करताना तिचे कान लाल झाले होते. मी त्या अर्जापायी दोन्ही राज्यांच्या ऑफिसांत हेलपाटे घातले, एका अधिकाऱ्यासमोर तर वर्गात पोरांना देते तसा दम दिला. काम झालं. तिला हैदराबादेतलं टेबल मिळालं. ती आठवड्यातले दोन-तीन दिवस जायची, कधी जायची नाही. पण रोज संध्याकाळी घरी असायची. खिडकीशी बसलेल्या मायला वार विचारायची गरज उरली नाही.

असे काही महिने मिळाले. मी ते महिने हातात घेऊन बघते, आणि मला कळत नाही की त्यांचं सुख मानायचं, की ते आधी का मागितले नाहीस म्हणून तिच्याशी भांडायचं. गाठ दुसरीकडे उमटली. मग पलंग आणि खिडकी एवढंच राहिलं. शेवटच्या रविवारी आम्ही खेळायला बसलो, पण ती उशीला टेकून होती, डावा हात दांड्यावर नुसता ठेवलेला. दुसऱ्या बेटाच्या पुढं तिचे डोळे मिटले. मी थांबले नाही. का कोण जाणे, मला वाटलं, आता थांबलं तर ती मधेच राहील. मी दोन्ही विमानं चालवत राहिले, माझं आणि तिचं, तोंडातल्या तोंडात सांगत : आता लाल, आता वादळ, आता उजवीकडून काळं… आपलं जहाज आलं तेव्हा मी माझा हात काढला आणि मग तिचा हात उचलून पांघरुणाखाली ठेवला. ती जागी झाली नाही. निघताना मी मायला म्हटलं, झोपू दे, पुढच्या रविवारी येते. तो रविवार यायच्या आधीच माझ्या शाळेत मायचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दोन्ही राज्यांच्या ऑफिसांतली माणसं आली होती, एकत्र, पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण म्हणताना माय माझा हात धरून उभी होती. लोक बोलले. वंदनाताई सगळ्यांच्या उपयोगी पडल्या, कधी कुणाकडे काही मागितलं नाही, असं जवळजवळ प्रत्येकानं म्हटलं, आणि ते कौतुक म्हणून म्हटलं. मला मात्र ते ऐकवेना. मला त्या मांडवात ओरडून सांगावंसं वाटत होतं, की मागायची हो ती, अख्ख्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मागायची. तुम्ही तिला त्या एका जागी कधी बघितलंच नाही. पण माय थकली होती, तिला घेऊन घरी आले.

आता मी रविवारी मायकडे जाते. फळी अजून पलंगावर आहे. मायनं ती उचलू दिली नाही. चादर बदलते तेव्हा फळी बाजूला ठेवते आणि परत त्याच जागी ठेवते. गेल्या रविवारी माय नेहमीच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत होती, मी पलंगावर जाऊन उजवीकडे बसले. डावीकडची जागा सोडून. हात दांड्यावर ठेवला. पहिलं बेट आलं. लाल आले. शेजारून कुणी "तो माझा" म्हटलं नाही, त्यामुळे सगळे माझेच झाले, आणि मला त्यात अजिबात मजा आली नाही. वादळापाशी आले तेव्हा मला पुढं जाता येईना. माझी पट्टी नेहमी भरलेली असायची, ते शब्द माझ्या तोंडून कधी निघालेच नव्हते. कसे म्हणायचे तेही मला माहीत नव्हतं. "पेट्रोल दे," मी म्हटलं. कुणाला म्हटलं, ते मलाही सांगता येणार नाही. मग माझा बांध फुटला आणि मी त्या फळीवर डोकं टेकवून रडले, त्या रिक्षातही रडले नव्हते ते सगळं.

मायनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात देऊन उठली. पलंगापर्यंत यायला तिला वेळ लागला. ती डावीकडे, वंदनाच्या जागेवर बसली, पदराला हात पुसला, आणि आपला हात माझ्या हाताला आणून टेकवला.

"घे," माय म्हणाली.